पावसाने कोबीवरची अंडी धुतली, पण सगळ्यांची नाही

कोबी लावून २६ दिवस झाले होते. गड्डा अजून धरायचा होता, बाहेरची पानं पार जमिनीला टेकलेली आणि आतली चार-पाच उभी. संध्याकाळी पाऊस झाला, म्हणजे झाला कसला, बदडलंच त्याने, पाऊण तासात पर्जन्यमापकात ३८ मिलिमीटर. दुसऱ्या दिवशी सकाळी जो भेटला त्याने एकच सांगितलं, आता फवारायचं काम नाही, कीड धुतली गेली. मीही मान डोलावली. सहाव्या दिवशी प्लॉटमध्ये तीन ठिकाणी पानांची जाळी झालेली सापडली.

त्या सहा दिवसांत नक्की काय झालं ते लिहितोय. एकच प्लॉट, एकच पीक, आणि खरं सांगायचं तर चूक पूर्ण माझी, कारण मोजायला बसलो होतो, खुणा केल्या होत्या, तरी जिथे बघायचं तिथे बघितलं नाही.

आधी प्लॉटवर काय होतं ते. दोन किडी. एक चौकोनी ठिपक्याचा पतंग (डायमंडबॅक मॉथ), ज्याला सगळे डीबीएमच म्हणतात. त्याची मादी एकेक अंडं सुटं घालते, फार तर दोन-चार जवळजवळ, पानाच्या वर पण आणि खाली पण, आणि शिरांच्या कडेच्या खोबणीत जास्त. अंडं जेमतेम अर्धा मिलिमीटर, फिकट पिवळं, चपटं, लांबट. भिंग नसेल तर परागकण समजून सोडून द्याल. दुसरी स्पोडोप्टेरा, म्हणजे तंबाखूवरची पानं खाणारी अळी, जी तंबाखू सोडून सगळं खाते असं वाटावं इतकी तिची यादी मोठी आहे. ती एकेक अंडं घालत नाही. एका जागी दोन-तीनशे अंडी, एकावर एक थर करून, आणि वरून स्वतःच्या पोटाचे तपकिरी केस चिकटवून झाकून टाकते. हा अंडीपुंज बहुतेक वेळा पानाच्या पोटाला, म्हणजे खालच्या बाजूला असतो. या दोन अंडी घालायच्या पद्धती लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिथेच आहे.

पावसाच्या चार दिवस आधीपासून मी डीबीएमची अंडी मोजत होतो. ३० झाडांना दोरी बांधली, प्रत्येक झाडाची तीन पानं धरली, एक बाहेरचं, एक मधलं, एक आतलं उभं. आधी वाटलं अंड्याशेजारी मार्करने ठिपका द्यावा. कोबीच्या पानावर मेण असतं, त्यावर शाई बसतच नाही, आणि मेण बोटाने पुसून ठिपका दिला तर तिथला पानाचा पृष्ठभागच बदलतो, मग अंडं टिकलं काय आणि गेलं काय, त्याला अर्थ राहत नाही. शेवटी प्रत्येक पानाचं वहीत वेडंवाकडं चित्र काढलं, शिरा काढल्या आणि अंडं कुठे आहे तिथे टिंब. वेळखाऊ काम आहे, पण हाच एक प्रकार चालला.

३० पैकी ६ झाडांवर छप्पर केलं होतं, चार काठ्या आणि वरून प्लॅस्टिक, चारही बाजू उघड्या. हे का करावं लागतं ते सांगतो, कारण इथेच बहुतेक जण गंडतात. काल अंडं होतं आणि आज नाही, मध्ये पाऊस पडला, म्हणजे पावसाने गेलं, असं आपण लगेच म्हणून मोकळे होतो. पण अंडं गायब व्हायला पाऊसच लागतो असं थोडंच आहे? उबदार हवेत डीबीएमचं अंडं तीन-चार दिवसांत उबतं. मुंग्या उचलतात, क्रायसोपा या मित्रकीटकाची अळी शोषून टाकते, ढालकिडा खातो. ट्रायकोग्रामा या बारीक परजीवी माशीने आत अंडं घातलं असेल तर ते काळं पडतं पण जागेवर राहतं. यात थोडा भेद करता येतो. उबून गेलेल्या अंड्याचं पारदर्शक रिकामं कवच पानावर चिकटून राहतं, शोषलेलं अंडं चुरगळलेल्या पापुद्र्यासारखं दिसतं, आणि धुतलं गेलेलं किंवा मुंगीने उचललेलं असेल तिथे काहीच नसतं, फार तर भिंगातून डिंकाचा पुसट डाग. म्हणजे मुंगी आणि पाऊस हे दोन नुसत्या डोळ्याने वेगळे करता येत नाहीत, त्यासाठी छप्पर. छपराखाली जितकी अंडी काही मागमूस न ठेवता गेली तितकी बाहेर पण पावसाविना गेली असतीच असं धरायचं आणि उरलेली पावसाच्या खात्यावर टाकायची. हे अगदी चोख नाही, छपराखाली मुंग्यांना कोरडं मिळतं म्हणून त्या तिथे जास्त फिरू पण शकतात, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

आता त्या संध्याकाळच्या पावसानंतरची सकाळ. उघड्या झाडांवर खुणा केलेल्यातली ढोबळमानाने तीनातली दोन अंडी गेली होती. छपराखाली पाच-सहातलं एखादं. इथपर्यंत लोकांचं म्हणणं बरोबरच निघालं, पावसाने धुतलं.

पण चित्रं समोर ठेवून बघितलं तेव्हा गेलेली अंडी सगळीकडून सारखी गेली नव्हती. बाहेरच्या पसरलेल्या पानांच्या वरच्या बाजूची जवळपास साफ. तीच पानं उलटली तर पोटाची बरीचशी जागेवर. वरच्या बाजूला जी वाचली ती मधल्या जाड शिरेच्या कडेला, खोबणीत बसलेली. आतल्या उभ्या पानांवर नुकसान मधलंच, कारण थेंब तिथे सरळ आपटत नाही, तिरका घसरून जातो. छपराने एक गंमत पण केली, प्लॅस्टिकच्या एका कोपऱ्यातून पाण्याची धार लागली होती आणि बरोबर तिच्याखाली आलेल्या पानावर एक अंडं शिल्लक नव्हतं. ते झाड हिशोबातून काढलं, पण बघायला मिळालं की पाणी नेमकं कुठे पडतं यावर सगळं आहे.

थेंबाचं गणित जरा बघू, कारण मिलिमीटरचा आकडा इथे फसवतो. १ मिलिमीटरचा थेंब साधारण सेकंदाला ४ मीटर वेगाने खाली येतो, ४ मिलिमीटरचा जवळपास ९ मीटरने. व्यास चौपट झाला की वजन ६४ पट होतं, वर वेग दुपटीच्या पुढे, म्हणजे आपटायची ऊर्जा ३०० पटीच्या आसपास जाते. अर्ध्या मिलिमीटरच्या अंड्यावर असला थेंब आदळला की तो अंड्याला नुसता दाबत नाही, फुटून पानाच्या पृष्ठभागावरून आडवा पसरतो आणि ती आडवी धार अंड्याच्या कडेखाली घुसते. मादीने अंडं घालताना सोडलेला चिकट स्राव वाळून जो डिंक होतो त्यावरच अंड्याची सगळी पकड. त्यात कोबीचं पान मेणकट, म्हणजे डिंक धरतो तो पानाला नाही, मेणाच्या थराला. शिरेच्या खोबणीत मात्र अंड्याला दोन बाजूंनी टेकू मिळतो आणि आडवी धार वरून निघून जाते. पतंगाला हे कळतं म्हणून तो तिथे घालतो असं मी म्हणणार नाही, पण तिथे घातलेलं टिकतं हे दिसलं.

मग दोन दिवस रिमझिम. सतत, कंटाळा येईल अशी, आणि दोन्ही दिवस मिळून पर्जन्यमापकात ३० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे त्या वादळी पावसापेक्षा फार काही कमी नाही. अंड्यांवर परिणाम जवळपास शून्य. जी होती ती होती. रिमझिमीचे थेंब अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर, ते पानावर येऊन नुसते बसतात, एकमेकांत मिसळतात आणि ओघळतात. अंडं पाण्याच्या पातळ थराखाली गेलं तरी लगेच गुदमरत नाही, किडीच्या अंड्याच्या कवचात हवा धरून ठेवणारी बारीक छिद्रांची रचना असते, थोडा वेळ पाण्याखाली निभतं. उलट दमट हवेत अंडं सुकून मरायची भीती कमी. कडक कोरड्या हवेत असलं बारीक अंडं सुकून बसतं, इथे त्याला दोन दिवस मस्त ओलावा मिळाला. म्हणून इतके मिलिमीटर झाला म्हणजे कीड गेली, असं जे ठोकून सांगतात त्यांना पहिला प्रश्न विचारावा, कसा पडला?

रिमझिमीने एक गोष्ट मात्र केली. डीबीएमची मादी अंडी घालते ती दिवस मावळल्यावर, रात्रीच्या पहिल्या काही तासांत. बरोबर त्याच वेळेला झिमझिम चालू, त्यामुळे दोन रात्री नवीन अंडी फारशी घातली गेली नाहीत. हे मोजताना मला वाटलं पावसाने पतंगच मेले. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाचं आमिष लावलेल्या सापळ्यात पण दोन दिवस एक पतंग नाही. आता विचार केला तर हसू येतं, एका सापळ्याच्या पिशवीत पाणी साचलेलं, दुसऱ्याच्या चिकट कागदावर चिखलाचे शिंतोडे, आणि मुळात पावसात पतंग उडतच नाही तर सापळ्यात येईल कुठून, त्यात कामगंध सापळ्यात नुसते नर येतात, मादी अंडी घालतेय की नाही हे तो सांगतच नाही. रिकामा सापळा बघून मी कीड नाही असं वहीत लिहिलं, अधोरेखित करून. ते पान अजून आहे.

मग मी मोजणी थांबवली. वाफसा नव्हता, पाय रुतत होते, ही सबब. खरं कारण, मला उत्तर मिळालंय असं वाटत होतं.

सहाव्या दिवशी ऊन पडलं म्हणून चक्कर मारायला गेलो आणि दुरूनच पांढरट पानं दिसली. जवळ गेलो तर खालच्या बाहेरच्या पानांचा हिरवा भाग खरवडून खाल्लेला, नुसता पापुद्रा आणि शिरा शिल्लक, आणि पान उलटलं तर पोटाला गर्दी करून बसलेल्या बारीक हिरवट अळ्या. स्पोडोप्टेरा. तीन ठिकाणी. अळ्या अजून एकत्र होत्या म्हणजे अंड्यातून निघून दोन-तीन दिवस झालेले, आणि उबदार हवेत स्पोडोप्टेराचा अंडीपुंज तीन-चार दिवसांत फुटतो, म्हणजे मागे हिशोब लावला तर अंडी त्या मोठ्या पावसाच्या आदल्या रात्रीच्या आसपास घातलेली. पावसात ती प्लॉटमध्येच होती. पावसाने जर कीड धुतली तर ही कुणाची?

पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी यातलं एक पान उलटलं होतं, माझ्या ९० पानांतलंच ते. वहीत त्या पानाच्या चित्रावर शेजारी लिहिलंय, चिखल. जोराचा पाऊस उघड्या जमिनीवर आपटला की मातीचे शिंतोडे उडतात आणि खालच्या पानांच्या पोटाला जाऊन बसतात, त्या दिवशी सगळ्या खालच्या पानांना बसलेच होते. आणि स्पोडोप्टेराचा अंडीपुंज दिसतो कसा? तपकिरी, मऊसर, बोटाच्या नखाएवढा, कडा अनियमित. चिखलाच्या शिंतोड्यांत तो हुबेहूब मिसळला. मी डीबीएमची पिवळी टिंबं शोधत होतो, डोळ्यांनी तेवढीच दाखवली.

अंडीपुंज का टिकला हे आता उघड आहे. पानाच्या पोटाला, म्हणजे थेंबाचा सरळ मार नाही. थरावर थर, म्हणजे डिंकाची पकड सगळ्यांची मिळून एक. वरून केसांचं पांघरूण, त्यावर पाणी टिकत नाही आणि शिंतोड्याचा मार पण दबतो. असा पुंज सोडवायचा तर पान फाटावं लागेल. डीबीएमचं सुटं अंडं आणि हा पुंज यांना एकाच पावसाने दोन वेगळे निकाल दिले, आणि मी पहिल्याचा निकाल दुसऱ्याला लावला.

त्याच दिवशी डीबीएमचं पण परत बघितलं. पोटाच्या बाजूला वाचलेली अंडी उबलेली, रिकामी कवचं जागेवर, आणि शेजारी पानात बारीक पांढरट नागमोडी रेषा. डीबीएमची पहिल्या अवस्थेतली अळी बाहेर बसत नाही, पान पोखरून आत शिरते आणि दोन-तीन दिवस आतूनच खाते. म्हणजे रिमझिमीच्या दुसऱ्या दिवशी पाऊस पुन्हा तुटून पडला असता तरी या आतल्यांना काही झालं नसतं. बाहेर आल्यावर मात्र त्या परत उघड्या पडतात. पाऊस अंड्यांपेक्षा या लहान अळ्यांना जास्त मारतो, त्या वाहून जातात किंवा पानांच्या बेचक्यात साचलेल्या पाण्यात बुडतात. कॅनडात हार्कोर्ट यांनी १९६३ मध्ये डीबीएमच्या मरण्याची कारणं मांडली तेव्हा लहान अळ्यांच्या बाबतीत पाऊस हे मोठं कारण म्हणून दाखवलं होतं. थोडक्यात त्याच पावसाने दोन दिवस उशिरा यायचं ठरवलं असतं तर गोष्ट वेगळी, आणि दोन दिवस आधी आला असता तर अजून वेगळी. अंडं किती दिवसांचं आहे, अळी आत आहे की बाहेर, यावर पावसाचा जमाखर्च बदलतो.

उपाय म्हणून जे केलं ते फार मोठं नाही. जाळी झालेली पानं अळ्यांसकट खुडून प्लॅस्टिक पिशवीत घालून बाहेर नेली, अळ्या एकत्र असेपर्यंतच हे जमतं, एकदा पांगल्या की खुडण्यात अर्थ नाही. तिन्ही जागांच्या आसपासची सगळी झाडं उलटून बघितली, अजून एक न फुटलेला पुंज मिळाला. डीबीएमसाठी पानं वाळल्यावर बीटी, म्हणजे अळ्या मारणाऱ्या जिवाणूचं औषध फवारलं, बीटी अळीच्या पोटात जावं लागतं, अंड्याला ते काही करत नाही, आणि मोठा पाऊस आला की धुऊन जातं, म्हणून आभाळ बघूनच. पावसाच्या आदल्या दिवशी लावलेली ट्रायकोकार्ड, म्हणजे ट्रायकोग्रामा सोडायची कागदी कार्डं मात्र वाया गेली, कागदाचा लगदा झाला होता, आणि अर्ध्या मिलिमीटरची ती माशी त्या पावसात टिकली असेल ही आशा मीच सोडली. हे पण विसरायला नको, पावसाने धुतलं त्यात आपल्या बाजूचे पण गेले. अंडी तीनातली एक उरली आणि त्यांना खाणारे त्याहून कमी उरले तर फायदा कुणाचा झाला?

एक वाट यातून लोक फार लवकर पकडतात, की पाऊस अंडी पाडतो तर तुषार सिंचनाने आपणच पाऊस पाडू. ही कल्पना नवी नाही. तैवानमधल्या आशियाई भाजीपाला संशोधन केंद्रात आणि हवाईत १९८० च्या दशकात डीबीएमवर हे करून बघितलंय. हवाईत वॉटरक्रेस या पाण्यात वाढणाऱ्या पालेभाजीच्या पिकात वरून पाणी सोडून डीबीएम आटोक्यात ठेवतात, आणि तिथे एक मोठा भाग हाच होता की संध्याकाळी, अंडी घालायच्या वेळेला पाणी चालू ठेवल्यावर मादी अंडी कमी घालते. म्हणजे अंडी पाडण्यापेक्षा घालूच न देणं, माझ्या रिमझिमीच्या दोन रात्रींसारखं. पण कोबीत रोज संध्याकाळी पानं ओली ठेवायची म्हणजे घाण्या रोगाला आमंत्रण, तो जिवाणू पाण्याच्या शिंतोड्यांबरोबरच पसरतो. आणि तुषारच्या थेंबांनी स्पोडोप्टेराच्या पुंजाला काय होणार? त्या ३८ मिलिमीटरने झालं नाही.

बाकी किडींचं थोडक्यात, कारण हा प्लॉट कोबीचा होता. तुडतुडे अंडी पानाच्या शिरेच्या आत टोचून घालतात, पांढरी माशी अंड्याचं देठ पानात रुतवते, फळमाशी फळाच्या सालीखाली घालते. यांची अंडी पावसाने धुतली जातील हे डोक्यातून काढूनच टाका. उघड्यावर, शेंड्यावर, कळीवर सुटं घातलेलं घाटेअळीचं अंडं मात्र डीबीएमच्या जातकुळीतलं, त्याच्यावर जोराचा पाऊस चालतो. भाताच्या खोडकिडीचा पुंज केसाळ, तो स्पोडोप्टेराच्या बाजूचा. एवढी विभागणी केली तरी पावसानंतर आधी कुठे बघायचं ते कळतं.

वहीत त्या दिवसानंतर पानाच्या चित्रात दोन रंग वापरायला लागलो, वरची बाजू निळी, पोट लाल. आणि चिखल असा शेरा बंद.

साधारण तीन आठवड्यांनी, गड्डे धरत आले होते, तसाच एक पाऊस परत झाला. या वेळी पाऊस थांबल्या थांबल्या, पाणी ठिबकत असताना गेलो, चप्पल चिखलात अडकली ती तिथेच सोडली. पहिल्याच झाडाच्या खालच्या पानाला तपकिरी डाग. नखाने खरवडून बघितला. चिखल निघाला. दुसरा खरवडला, चिखलच. तिसऱ्याला नख लावलं तर ते मऊ लागलं आणि बोटाला केस चिकटले.